गुण न आलेली माणसं

शिवाक्काला कुणी वय विचारलं की ती तराजूचं पारडं स्थिर होईपर्यंत बोलायची नाही. गिऱ्हाइकाचा जिन्नस पुड्यात बांधून झाला की मग म्हणायची, "लय हाय." विचारणारा तेवढ्यावर थांबला तर बरं. इतकं जगायला तुम्ही खाता तरी काय, असं त्यानं पुढं विचारलं, तर मात्र तिच्या कपाळावरच्या विभूतीच्या तीन रेघा वर चढायच्या.

"आमी सात भावंडं," ती सांगायची. "एका तव्यावरची भाकर खाल्ली, एका बारवंचं पाणी पेलं. सहा गेली. त्यातली चार तर लेकरंच होती. मी ऱ्हायले. आता मी भाकरीनं जगले म्हणावं, तर त्यान्ला कशानं मारलं? भाकरीनंच का?"

निजामाविरुद्धच्या पोलीस ॲक्शनला तीन-चार वर्षं झाली असतील, तेव्हा मी वालूरला मुलींच्या शाळेत शिकवायला गेले. एकट्या बाईला खोली द्यायला गावात कुणी तयार नव्हतं. शिवाक्कानं दिली. तिच्या किराणा दुकानाच्या पाठीमागं गुळाच्या ढेपी ठेवायची एक खोली होती, ती तिनं झाडून माझ्या हवाली केली. त्या खोलीला स्वतंत्र दार नव्हतं. जाणं-येणं दुकानातूनच. त्यामुळं दुकानात काय चाललंय ते मला ऐकावंच लागायचं, आणि खरं सांगायचं तर पुढं पुढं मी ते ऐकायलाच वह्या घेऊन दाराशी बसू लागले.

ती तेव्हा ऐंशीच्या पुढं नक्की होती. पाठ ताठ. दात सगळे जागेवर. गळ्यात चांदीच्या करडुव्यात, त्या इवल्या डबीत, लिंग. सुईत दोरा ओवायचा असला की शेजारच्या तरण्या सुना तिच्याकडं यायच्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगा मल्लाप्पा पन्नाशीचा, पण दुकानाच्या गादीवर अजून तीच बसायची आणि तो पोती उचलायचा.

तिच्या त्या वयाचं गावाला फार अप्रूप. आणि गंमत अशी, की येणारा प्रत्येक जण उत्तर घरूनच घेऊन यायचा. तालमीतला वस्ताद म्हणायचा, अक्कानं लहानपणी निरसं दूध भरपूर प्यालेलं असणार. मठातले अय्या म्हणायचे, ही सगळी लिंगपूजेची कृपा. निजामाच्या वेळचे एक पेन्शनवाले पेशकार होते, ते पहाटे उठण्यावर भर द्यायचे. शिवाक्का सगळ्यांचं शांतपणानं ऐकून घ्यायची आणि चंचीतली तंबाखू काढून तोंडात टाकायची. "ही बी लिव्हा त्यात," म्हणायची. "साठ वर्षं खाते. हिनंच उमर वाढली असंल." मग पेशकारसाहेब आपला पुडा उचलून निघायचे.

ती सगळ्याच बाबतीत अशी चिकित्सक होती असं मात्र समजू नका. दिवेलागणीनंतर तिनं कधी कुणाला मीठ विकलं नाही. शिंक आली तर बैलगाडी थांबवायची. मी एकदा तिला म्हटलंही, की अक्का, मिठाचं काय, तिथं कसा सवाल करत नाही तुम्ही? ती हसली. म्हणाली, मीठ इकलं न्हाई म्हणून कुणी मरत न्हाई. जिथं माणूस मरतं तिथं इचारावं.

विचारायची तिची रीतही ठरलेली होती. अमक्या अंगाऱ्यानं तमक्याचा दमा गेला, अमक्या काढ्यानं तमक्याला मूल झालं, असं कुणी दुकानात सांगायला लागलं की ती शेवटपर्यंत ऐकायची. मग विचारायची, "अन् ज्यान्ला गुण आला न्हाई, ते कुठं हायत?" सांगणारा गोंधळायचा. कारण ते कुठं असतात हे कुणालाच ठाऊक नसायचं.

तिचा हा प्रश्न फक्त अंगारेवाल्यांसाठी नव्हता, हे मला नारूच्या वेळी कळलं. आताच्या पोरांना नारू म्हणजे काय हे सांगावं लागेल. पाण्यातून पोटात जाणारा जंत, दोऱ्यासारखा लांब. वर्षभरानं पायाला फोड येऊन त्यातून बाहेर निघायचा. लोक त्याचं टोक काडीला गुंडाळून रोज थोडा थोडा ओढायचे. मधेच तुटला की पाय सुजून माणूस महिना-दोन महिने अंथरुणाला. आणि निघायचा तो नेमका पेरणीच्या तोंडावर. वालूरच्या निम्म्या घरांत उन्हाळ्याच्या शेवटी कुणी ना कुणी पाय लांब करून बसलेलं असायचं. शिवाक्काच्या स्वतःच्या घोट्याला त्याचे तीन व्रण होते.

आरोग्य खात्याचे एक इन्स्पेक्टर त्यासाठी यायचे, करीमसाहेब. हाडकुळे, सायकलवर येणारे. त्यांचं म्हणणं साधं होतं. बारवेत उतरून पाय बुडवू नका, आणि पिण्याचं पाणी दुहेरी फडक्यानं गाळून घ्या. पण दिवस वाईट होते. लोकांच्या मनातल्या जखमा ओल्या होत्या, हिंदू-मुसलमान दोन्ही बाजूंच्या. निजामाच्या नोकरीतला माणूस आमच्या बारवेबद्दल आम्हाला काय सांगतो, असं तोंडावर बोलणारे होते. एके दिवशी करीमसाहेब मान खाली घालून सायकल ढकलत दुकानापर्यंत आले आणि पाणी मागितलं. शिवाक्कानं तांब्या दिला. त्यांनी खिशातून रुमाल काढला, तांब्याच्या तोंडावर दुहेरी धरला आणि त्यातून पाणी प्याले.

मग तिनं तिचा प्रश्न विचारला. गाळून प्याले तरीही ज्यांना नारू झाला, ते कुठं आहेत?

करीमसाहेबांनी रुमाल झटकून खिशात ठेवला. म्हणाले, आहेत तसे. घरी गाळून पितात आणि शेतात गेल्यावर डबक्याचं पितात, त्यांना होतो. पाव्हण्याच्या गावी पितात, त्यांना होतो. आणि अजून एक गोष्ट सांगतो, ती तुम्हाला आवडणार नाही. आजपासून तुम्ही गाळायला लागलात तरी यंदा काही फायदा दिसायचा नाही. यंदा निघणारा नारू गेल्या वर्षीच पोटात गेलेला आहे. वर्षभर थांबावं लागेल, आणि तोवर लोक मला शिव्या देतील.

शिवाक्कानं त्यांचा तांब्या पुन्हा भरून दिला. संध्याकाळी ती मला म्हणाली, एवढ्या उमरीत पहिला माणूस भेटला बघा, ज्यानं आपल्याच मालाची खोट आधी सांगितली.

त्या वर्षी तिनं आमच्या गल्लीतल्या प्रत्येक घरी दुकानातलं मांजरपाट फाडून दिलं आणि रोज सकाळी घागरींवर नजर ठेवली. बारवेच्या वरच्या पायरीवर बसून ती बायकांना खाली उतरू द्यायची नाही. दोर-पोहऱ्यानं शेंदा म्हणायची. तुम्हाला हे त्या साहेबानं शिकवलं का, असं एकानं हिणवून विचारलं. तो साहेब कुणाचा आहे हे मी विचारलं नाही, पाणी आपलं आहे, असं तिनं सुनावलं आणि जागची हलली नाही. पहिल्या उन्हाळ्यात नारू निघालाच, आणि लोक तिला हसले. ती म्हणाली, ह्ये मला त्यानं सांगितलं होतं. पुढच्या उन्हाळ्यात आमच्या गल्लीत दोघांनाच नारू झाला. एक सून वर्षभर माहेरी राहून आलेली, आणि दुसरा शिवाक्काचा धाकटा दीर बसाप्पा. तो फडक्यातून पाणी गाळणं म्हणजे बायकी काम समजायचा. बाकीच्या गल्ल्यांत मागच्यासारखीच माणसं पाय लांब करून बसली होती. त्यानंतर मांजरपाट मागायला लोक आपण होऊन येऊ लागले. करीमसाहेबांची सायकल दुकानासमोर लागली की शिवाक्का चहा टाकायला सांगायची.

आता बसाप्पाचं. पुढचं सगळं त्याच्यामुळं घडलं.

बसाप्पा पासष्टीचा असेल. गोष्टीवेल्हाळ, जेवणाचा शौकीन. वहिनीवर त्याचा जीव आणि वहिनीशी भांडणही रोजचं. त्याचे पाय सुजायला लागले, जिना चढताना धाप लागायला लागली. परभणीच्या दवाखान्यात दाखवलं. डॉक्टरांनी औषध दिलं आणि मीठ, लोणचं, पापड बंद करायला सांगितलं. बरं कधी होणार, असं त्यानं विचारलं, तर डॉक्टर म्हणाले, बरं होणार नाही, सांभाळून राहिलात तर बरेच दिवस काढाल. हे वाक्य बसाप्पाला भारी लागलं. बरं होणार नाही म्हणतो तो डॉक्टर कसला, असं तो गावभर सांगत सुटला.

अशात गावात एक वैद्यराज आले. मोटारीवर कर्णा, आत ग्रामोफोन, मागं बाटल्यांच्या पेट्या. भगव्या रेशमी उपरण्यातला देखणा माणूस, आवाज असा की ऐकत राहावा. त्यांच्या बाटलीचं नाव 'अमृतकाया'. म्हातारपण थांबतं, गेलेली शक्ती येते, दमा, सूज, संधिवात, मधुमेह, सगळ्यांवर चालते. पथ्य कसलंच नाही. मठाच्या आवारात त्यांनी मुक्काम टाकला आणि चार दिवसांत निम्मं गाव त्यांचं झालं.

बसाप्पानं पहिल्याच दिवशी बाटली घेतली. दवाखान्याचं औषध कोनाड्यात गेलं, ताटात लोणचं आलं. आठवड्याभरात तो दुकानात येऊन सांगू लागला, की वैनी, झोप लागायली, अंगात हुरूप आलाय. शिवाक्का त्याच्या पायांकडं बघत होती. अंगठ्यानं दाबलं की खड्डा तसाच राहत होता.

मल्लाप्पानं मात्र आईला न विचारता एक गोष्ट केली. वैद्यराजांनी त्याला बाटल्यांची एजन्सी देऊ केली होती आणि बदल्यात एकच मागणं मागितलं होतं. दोन दिवसांनी सेलूहून छापून आलेली हँडबिलं बाजारात वाटली गेली. त्यांवर लिहिलं होतं, वालूरच्या शिवाक्का, वय एकशे दहा, यांच्या निरोगी दीर्घायुष्याचं रहस्य अमृतकाया.

शिवाक्काला वाचता येत नव्हतं. तिनं ते हँडबिल माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. मला वाटलं ती आता मल्लाप्पाला फाडून खाईल. तिनं काहीच केलं नाही. मल्लाप्पानं चाचरत सांगितलं, की बाजारच्या दिवशी सभा आहे, तू फक्त येऊन खुर्चीवर बस, बोलायचं काही नाही. ती बरं म्हणाली.

बाजारच्या दिवशी मठापुढं माणूस मावत नव्हता. वैद्यराजांनी तिला हात धरून खुर्चीवर बसवलं. या माऊलीचे दात बघा, या माऊलीची पाठ बघा, असं कर्ण्यातून सांगितलं. मग तीन माणसं पुढं आली. एकाचे गुडघे बरे झाले होते, एकाची भूक वाढली होती, तिसरा बसाप्पा होता. तिघांचं बोलणं होईपर्यंत शिवाक्का बसून राहिली. मग उठली. वैद्यराजांना वाटलं ती आशीर्वाद देणार. त्यांनी कर्णा तिच्या तोंडापुढं धरला.

"ह्या बाटलीतला थेंब माझ्या जिभंला लागलेला न्हाई," ती म्हणाली. "माझी उमर एकशे दहा न्हाई. मी एवढी कामून जगले, मला मालूम न्हाई. ह्यान्लाबी मालूम न्हाई."

लोकांत कुजबूज झाली. वैद्यराज हसले, म्हणाले, माऊलींचं वय झालं, विसर पडतो. पण ती बसली नाही. तिनं गुडघेवाल्याला, भूकवाल्याला आणि आपल्या दिराला आळीपाळीनं बघितलं आणि विचारलं, "अन् ज्यान्ला गुण आला न्हाई, ते कुठं हायत?"

असं कुणीच नाही, वैद्यराज म्हणाले. एकही तक्रार घेऊन परत आलेलं नाही.

तेव्हा तिनं जे सांगितलं ते आमच्यापैकी कुणीच आधी ऐकलेलं नव्हतं. मल्लाप्पानंही नाही. त्याच्या जन्माआधीची गोष्ट.

"माझी एक लेक होती. गौरा. ताप हटंना म्हणून आमी तिला गोदाकाठी एका वैदाकडं नेलं, लय नाव होतं त्याचं. दारात ही गर्दी. जो बसलेला त्यो म्हणायचा, मला गुण आला, माझ्या लेकराला गुण आला. नारळ घेऊन आलती सगळी. माझं मन लय भरून आलं. तिसऱ्या दिवशी गाडीत, माझ्या मांडीवर गौरा गेली. वाटंत आणखी एक गाडी भेटली. त्यांचं बी लेकरू झाकलेलं होतं. त्या बाईनं माझ्याकडं बगितलं, मी तिच्याकडं बगितलं. ती परत त्या दारात गेली न्हाई. मी बी गेले न्हाई. कशाला जाऊ? नारळ घेऊन?" तिनं समोरच्या तिघांकडं हात केला. "तवा मला कळलं, त्या दारात सगळे गुण आलेलेच कामून दिसतात."

वैद्यराज हुशार होते. हात जोडून मऊ आवाजात म्हणाले, आई, तुमचं दुःख मोठं आहे, पण त्यानं माझं औषध खोटं कसं ठरतं?

"न्हाई ठरत," शिवाक्का म्हणाली. "खरं बी ठरत न्हाई. म्हून तुमी थांबा. हितंच वरीसभर ऱ्हावा. घेणारे अन् न घेणारे, दोन्ही आमच्या डोळ्यापुढं ऱ्हातील. खरं निगालं तर मी सोता गादीवर बसून इकीन तुमची बाटली. नारूवाला साहेब थांबला होता वरीसभर. तुमी थांबता का?"

वैद्यराजांचे पुढचे मुक्काम ठरलेले होते. तिसऱ्या दिवशी मोटार गेली.

शिवाक्काचा जयजयकार झाला असं तुम्हाला वाटेल. तसं काही झालं नाही. त्या दिवशी सभेनंतरही बाटल्या खपल्या. मल्लाप्पा कितीतरी दिवस आईशी बोलला नाही, पण पेट्या मात्र त्यानं परत पाठवल्या. अय्यांनी मठात आलेल्या पाहुण्याचा अपमान झाला म्हणून दुकानातून तेल घेणं बंद केलं. आणि एक बाई आली. तिच्या नवऱ्याला क्षय होता. ती दुकानाच्या पायरीवर उभी राहून म्हणाली, "अक्का, तुमी जगलात. आमाला निदान आस तरी धरू द्यायची." ती बाई गेल्यावर शिवाक्कानं तराजू खाली ठेवला आणि त्या दिवशी दुकान मल्लाप्पाला बघू दिलं.

बसाप्पा तर वहिनीवर रुसलाच. चार माणसांत मला खोटं पाडलं, म्हणाला. बाटली त्यानं सोडली नाही. दिवाळीच्या सुमाराला सूज मांडीपर्यंत चढली, आडवं झोपवेना. तेव्हा शिवाक्कानं त्याला विचारलं नाही. बैलगाडी जुंपली, सेलूहून आगगाडीनं परभणीला घेऊन गेली आणि दवाखान्यात त्याच्या खाटेजवळ खाली बसून राहिली. सूज उतरली, बाटली सुटली. तो घरी आला, पुन्हा तिच्याशी भांडायला लागला, मीठ नसलेल्या भाजीला नावं ठेवायला लागला. हिवाळा त्यानं काढला. उन्हं तापायला लागली तसा एका दुपारी बसल्या जागी गेला.

गावात दोन्हीकडून बोलणं झालं. काही म्हणाले, बाटली बंद केली म्हणून गेला; काही म्हणाले, बाटली घेतली म्हणून गेला. करीमसाहेब भेटायला आले तेव्हा तेही हळहळले, आणि म्हणाले, अक्का, हे लोकांना सांगायला पाहिजे, की त्या बाटलीनं एका माणसाचा बळी घेतला. तुम्ही सांगितलंत तर पुन्हा असा माणूस गावात पाय ठेवणार नाही. मलाही त्यांचं पटलं होतं.

शिवाक्कानं मान हलवली. "बाटलीनं गेला का बिमारीनं गेला, मला मालूम न्हाई, साहेब. डॉक्टरनं आधीच सांगितलं होतं, बरं व्हायचं न्हाई. आता मी सांगत फिरले बाटलीनं मारलं, तर माझ्यात अन् त्या मोटारवाल्यात काय फरक ऱ्हायला?"

करीमसाहेबांनी चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाले, बरोबर आहे. तिला रडताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. दीर गेला त्या दिवशी नाही, हे बोलून झाल्यावर. बसाप्पाच्या नावानं जिंकायची संधी तिच्या हातात होती आणि ती तिनं सोडून दिली.

पुढं राज्य बदललं. आमचा जिल्हा हैदराबादेतून मुंबईकडं गेला, माझी बदली पूर्णेला झाली आणि वालूर सुटलं. दोन-तीन वर्षांनी शाळेच्या कामानं सेलूला गेले होते, तेव्हा एस. टी. पकडून मुद्दाम वालूरला उतरले. दुकानाच्या गादीवर मल्लाप्पा होता. केस पांढरे झालेले. आई शाळेत गेली, म्हणाला. आसपासच्या गावांत देवीची साथ होती आणि शाळेच्या पडवीत लस टोचायला माणूस आला होता.

पडवीत बायकांचा घोळका होता, पण सगळा खांबाच्या अलीकडं. पदर तोंडाला लावून, लेकरं कडेवर धरून उभ्या. लस टोचणारा स्पिरिटचा दिवा आणि सुई घेऊन रिकामाच बसला होता. त्याच्यासमोरच्या बाकावर शिवाक्का. आता वाकली होती, हाताला काठी आली होती. चोळीची बाही तिनं वर सरकवली होती आणि दंडाची कातडी लोंबत होती. लस टोचणारा पोरगा तिला समजावत होता, की आजी, तुमच्या वयाला याची काही गरज नाही, उगाच त्रास होईल. गरज आहे का नाही हे तुलाही ठाऊक नाही अन् मलाही नाही, असं ती म्हणाली, आणि तू टोच म्हणाली.

त्यानं टोचलं. तिचं तोंड वेडंवाकडं झालं. दखनीतली एक कचकचीत शिवी तिनं त्या पोराला दिली. पहिल्या रांगेतली एक तरणी बाई दचकून मागं सरकली. तिच्या कडेवर वर्षाची मुलगी होती. दुखतं का, असं तिनं लांबूनच विचारलं.

शिवाक्कानं दंड फुंकला आणि बाकावर सरकून तिच्यासाठी जागा केली.

"दुखतं," ती म्हणाली. "ताप बी येतो. ये."